समुद्राने परत नेलेलं रेसकोर्स (ट्रामोर, आयर्लंड)

निळी_छत्री

मंडळी नमस्कार, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

मी आयर्लंडात वॉटरफर्डला राहते, सहा वर्षं झाली. इथून बाराएक किलोमीटरवर ट्रामोर नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. आयरिशमध्ये ट्रॉ वोर, म्हणजे सरळ 'मोठी पुळण'. आणि पुळण खरंच मोठी आहे, पाचेक किलोमीटर. उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसते म्हणून मी हिवाळ्यात जाते, शेजारच्या आजोबांचा कुत्रा घेऊन. आजोबांचे गुडघे गेलेत, कुत्र्याला चालणं लागतं आणि मला घराबाहेर पडायला निमित्त लागतं, असं तिघांचं जमलंय.

तर दोन आठवड्यांपूर्वी आजोबा स्वतः गाडीत बसून आले. पुळणीच्या पूर्वेच्या टोकाला वाळूच्या टेकड्यांचा एक लांब दांडा आहे आणि त्याच्या मागे बॅक स्ट्रँड, म्हणजे आपल्याकडे ज्याला खाजण म्हणतील ते. ओहोटीला नुसता चिखल, भरतीला तळं. आजोबांनी गाडीची काच खाली केली, काठी बाहेर काढली आणि त्या चिखलाकडे रोखून म्हणाले, तिथे घोडे पळायचे. मला वाटलं ओहोटीला वाळूवर पळत असतील. तर म्हणे नाही, गवतावर, गवत होतं तिथे, रेसकोर्स होतं, माझ्या आजोबांनी पाहिलेलं.

घरी येऊन शोधत बसले तर खरंच निघालं हो. ट्रामोरच्या पुळणीवर शर्यती होत्या त्या १७८५ पासूनच्या, तेव्हा ओहोटीच्या वाळूवरच पळवायचे. पुढे १९ व्या शतकाच्या मध्यात माल्कमसन नावाच्या श्रीमंत घराण्याने मागच्या खाजणाला बांध घातला, समुद्र बाहेर ठेवला आणि आतली जमीन कोरडी केली. त्या कमावलेल्या जमिनीवर रेसकोर्स झालं. आणि १९११ मध्ये समुद्राने तो बांध फोडला, रेसकोर्स पाण्याखाली गेलं ते गेलंच. परत काही ते बाहेर निघालं नाही. आज तुम्ही तिथे उभं राहिलात तर एकही पाटी नाही, एक खांब नाही, मला तरी दिसला नाही, फक्त चिखल आणि पक्षी आणि जुन्या बांधाचा उरलासुरला तुकडा.

मला घोड्यातलं काही कळत नाही, बांधातलं त्याहून कळत नाही. इथे दोन्हीवाले असतील म्हणून धागा काढला. मला मेन पडलेला प्रश्न असा की एवढं घातलेलं सगळं वाहून गेल्यावर पुन्हा बांध का नाही घातला??

आजीचा_नातू

फोटो कुठेत ताई? फोटोशिवाय धागा म्हणजे मिसळीशिवाय पाव.

स्पष्टवक्ता

लेख छान आहे पण एक विचारू का, राग मानू नका. शेवटी जुगाराचा अड्डाच ना तो? बुडाला तर बुडाला. एखादी शाळा, देऊळ, तळं गेलं असतं तर हळहळ समजू शकतो. श्रीमंतांचे घोडे, श्रीमंतांचा बांध, आणि रडायचं आपण?

बाटलीचं_बूच

मी कॉर्कमध्ये शिकतोय (आयडीचा अर्थ आता कळला असेल सगळ्यांना, धन्यवाद). स्पष्टवक्ते भाऊ, श्रीमंतांचे घोडे वगैरे ठीक आहे पण आयर्लंडात घोडा हे प्रकरण इतकं सरळ नाहीये.

पहिली गोष्ट, आडवाटेने झाडंझुडपं कुंपणं ओढे उड्या मारत जायची जी शर्यत असते ना, स्टीपलचेस, तिची पहिली नोंद इथलीच. १७५२ मध्ये कॉर्क काउंटीतच दोन जणांनी पैज लावली, ओकॅलहन आणि ब्लेक, की बटिव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत कोण आधी पोचतो. साधारण साडेचार मैल. मधे रस्ता नाही, खुणेला फक्त चर्चचा सुळका, म्हणजे स्टीपल. समोर सुळका दिसतोय ना, मग मधे काय येईल ते ओलांडायचं. नाव त्याच्यावरूनच पडलं. मी बटिव्हंटला गेलोय, बसमधून उतरलो, चहा प्यायला, परत आलो, बघण्यासारखं असं तिथे काही मांडून ठेवलेलं नाही म्हणजे मैदानच नव्हतं ना मुळात, अख्खा मुलूख हेच मैदान.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. इंग्रजांनी १६९५ मध्ये कायदा केला होता की कॅथलिक माणसाला पाच पौंडांपेक्षा जास्त किमतीचा घोडा बाळगता येणार नाही. कुणीही प्रोटेस्टंट माणूस पाच पौंड पुढे करून तुमचा घोडा मागू शकतो. आता या कायद्याचं काय झालं ऐका. आर्ट ओलिअरी नावाचा तरुण होता, ऑस्ट्रियाच्या सैन्यात कॅप्टन राहून आलेला, ताठ मानेचा. त्याच्या घोडीने मॅक्रूमच्या शर्यतीत अब्राहम मॉरिस नावाच्या बड्या मॅजिस्ट्रेटच्या घोड्याला हरवलं असं सांगतात. मॉरिसने लगेच पाच पौंड काढले, घोडी दे. आर्ट म्हणाला नाही देत. झालं, फरारी ठरवला आणि ४ मे १७७३ ला कॅरिगानिमाजवळ त्याला गोळी घालून मारलं. २६ वर्षांचा होता. घोडी एकटीच घरी आली, खोगिरावर रक्त. बायको आयलीन दुव, तिने तीन झेपा घेतल्या, पहिली उंबऱ्यावरून, दुसरी फाटकापर्यंत, तिसरी घोडीवर, आणि घोडी नेईल तिकडे गेली. नंतर तिने जो विलाप रचला तो आयरिश भाषेतल्या सर्वात मोठ्या कवितांपैकी धरतात, कितीतरी वर्षं लोकांच्या तोंडी होता, कागदावर नंतर आला.

तर सांगायचं एवढंच की घोडा जिंकणे हा इथे नुसता पैशाचा मामला नव्हता. पाच पौंडांचा होता म्हणा फार तर.

आजीचा_नातू

बूचभाऊ अंगावर काटा आला. यावर वेगळा धागा काढा राव.

निळी_छत्री

@स्पष्टवक्ता, राग नाही हो. मीही आधी तसंच समजत होते. माझ्या डोक्यात रेसकोर्स म्हणजे महालक्ष्मी, टोप्या घातलेल्या बायका आणि मासिकातले फोटो. इथे येऊन बघितलं तर ती जत्रा असते. अक्षरशः जत्रा. ट्रामोरचा मोठा सण आजही ऑगस्टमध्ये असतो, १५ ऑगस्टच्या आसपास, आपला स्वातंत्र्यदिन आणि यांचा मेरीमातेचा सण एकाच दिवशी. मी गेल्या वर्षी गेले होते तर माझ्या शेजारी एक आजी, पर्समध्ये उकडलेली अंडी फडक्यात गुंडाळून आणलेली, दोन युरो लावायच्या, हरल्या की एक अंडं सोलायचं, आणि मला म्हणाल्या आज अंडी संपणार बहुतेक.

आणि गंमत म्हणजे एवढ्याशा गावाला स्वतःची रेल्वे होती. वॉटरफर्ड ते ट्रामोर, सव्वासात मैल, ५ सप्टेंबर १८५३ ला सुरू झाली. देशातल्या बाकी कुठल्याच रेल्वेला जोडलेली नव्हती!! एका टोकाला शहर, दुसऱ्या टोकाला समुद्र, बास. शहरातली माणसं तिकीट काढून समुद्र आणि शर्यत बघायला जायची. ३१ डिसेंबर १९६० ला शेवटची गाडी धावली. आजोबा त्या गाडीत होते म्हणे, खरं खोटं देव जाणे, त्या दिवशी गाडीत होतो सांगणारे इथे इतके भेटतात की डबे पुरले नसते.

बांधाबद्दल कुणी बोलणार का?

खारेपाटी

नमस्कार निळी ताई. मी अलिबाग तालुक्यातला, खारेपाटातला. आमच्या चार पिढ्या बांधावर गेल्या त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो, घोड्यातलं आपल्याला काय कळत नाय. मी तुमचा बांध बघितलेला नाही हे आधीच सांगतो, जे सांगतोय ते आमच्याकडच्या बांधावरून.

खाजणाला बांध घातला की पहिली दोनतीन वर्षं आत काहीच पिकत नाही. माती खारट असते. पाऊस पडून पडून मीठ धुवून जावं लागतं. मग आम्ही आधी राता लावतो, तो मीठ सोसतो, मग हळूहळू बाकीचं भात. तुमच्याकडे पाऊस बारमाही आहे म्हणजे मीठ लवकर धुतलं गेलं असणार आणि गवत आलं असणार. सपाट जमीन, एक दगड नाही, चढउतार नाही. घोडे पळवायला याच्यापेक्षा चांगली जागा कुठली? त्यामुळे रेसकोर्स तिथे का केलं याचं नवल वाटत नाही.

आता दुसरी बाजू. बांध घातल्या दिवसापासून आतली जमीन खाली बसायला लागते. चिखल म्हणजे निम्मं पाणीच की. ते पाणी निघून गेलं की माती आवळते, आणि बाहेरून जो नवा गाळ भरतीबरोबर यायचा तोही बंद. बाहेरचं खाजण गाळाने वर चढत राहतं आणि आतली जमीन खाली जाते. वीस तीस वर्षांनी बांधावर उभं राहून बघा, उधाणाला समुद्र तुमच्या शेतापेक्षा उंच दिसतो. लहान असताना मला त्याची भीती वाटायची.

मग आतलं पावसाचं पाणी बाहेर कसं काढायचं? त्याला उघाडी असते. लाकडी झडप. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते, भरतीला बाहेरच्या दाबाने बंद होते. तिला रोज माणूस लागतो. झडपेत एक ओंडका अडकला तरी रात्रीत शेत खारं होतं. आणि बांधात खेकडे बिळं करतात. बोटाएवढं बीळ, त्यातून पाणी झिरपतं, मग मनगटाएवढं, मग एक उधाणाची रात्र आणि वारा समोरून, की खांड पडली, म्हणजे बांधाला भगदाड.

खांड पडली की पहिल्या दोन दिवसांत बुजवली तर बुजली. गाव सगळं धावतं, बायामाणसं पोरंबाळं, पेंढा, माती, झाडाच्या फांद्या, मिळेल ते टाकायचं. नाहीतर दिवसातून दोनदा भरती आत आणि दोनदा ओहोटी बाहेर, दर वेळी ती खांड रुंद आणि खोल होत जाते. महिन्याने तिथे खाडी झालेली असते. मग ती बुजवायचा खर्च नवीन बांधापेक्षा जास्त.

म्हणून ताई तुमचा प्रश्न 'पुन्हा का नाही घातला' असा नाहीये. तो बांध कुणाचा होता १९११ मध्ये? रोज सकाळी त्याच्यावरून चालत जाणारा माणूस कोण होता? ते शोधा, उत्तर तिथे आहे.

निळी_छत्री

काका, नमस्कार तुम्हाला. हे इथल्या एकाही माहितीत मला असं सापडलं नव्हतं. सगळीकडे नुसतं 'समुद्राने बांध फोडला' एवढंच.

ट्रामवाला

खारेपाटी साहेबांच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे असं वाटतंय, आणि ते उत्तर चक्क मुंबईला येऊन टेकतं, म्हणून जरा मोठं लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

माल्कमसन हे क्वेकर, म्हणजे ख्रिश्चनांमधल्या एका छोट्या पंथाचे. १८२५ मध्ये वॉटरफर्डपासून जवळच पोर्टलॉ इथे त्यांनी सुती कापडाची गिरणी काढली, गिरणीभोवती कामगारांसाठी आखीव गाव वसवलं. मग जहाजं बांधायचा कारखाना, बोटी, रेल्वेत पैसा, सगळीकडे हात. असं घराणं समुद्राकाठचं खाजण बघतं तेव्हा त्याला खाजण दिसत नाही, न वापरलेली जमीन दिसते.

आता गिरणीला कापूस कुठून येणार? अमेरिकेतून. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, कापूस बंद. ही तीच वर्षं हो, जेव्हा इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना म्हणून आपल्याकडच्या कापसाचा भाव आकाशाला भिडला आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. त्या पैशाचं मुंबईने काय केलं? समुद्र बुजवायच्या कंपन्या काढल्या! बॅकबे रेक्लमेशन. पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला होता. १८६५ ला यादवी संपली, कापूस कोसळला, कंपन्या बुडाल्या, प्रेमचंद रायचंदसारखा कापसातला बडा व्यापारी पार झोपला.

म्हणजे बघा, एकच युद्ध. तिकडे पोर्टलॉच्या गिरणीला कापसाअभावी फटका, इकडे मुंबईला कापसामुळे सूज. आणि दोघांच्या डोक्यात तोच किडा, समुद्राची जमीन करायची. तिकडे बॅक स्ट्रँड, इकडे बॅक बे. नावंसुद्धा सख्ख्या भावंडांसारखी.

माल्कमसन मंडळी त्यानंतर सावरली नाहीत. इतरही खड्डे होते पण शेवटी १८७७ ला पेढीचं दिवाळं निघालं. बांध १९११ ला फुटला. म्हणजे चौतीस वर्षं तो बांध, ज्या घराण्याने बांधला त्याच्या पैशाशिवाय आणि त्याच्या जिवाशिवाय उभा होता. मधे कोणी डागडुजी केली नसेल असं मी म्हणत नाही, शर्यती चालू होत्या म्हणजे कुणीतरी पाहत असणारच. पण नफा शर्यतीच्या दिवसांचा आणि बांध वर्षभराचा, हे गणित जुळत नाही. हा माझा अंदाज, कुणी खोडून काढला तर आनंदच आहे.

आणि जाताजाता अजून एक. आपलं महालक्ष्मी रेसकोर्स कशावर आहे माहितीये? तेही समुद्राकडून घेतलेल्या जमिनीवरच. वरळी आणि महालक्ष्मीच्या मधून भरतीचं पाणी थेट आत भायखळ्यापर्यंत घुसायचं. हॉर्नबी गव्हर्नर असताना, १७८० च्या दशकात, तिथे बांध घातला, हॉर्नबी वेलार्ड. वेलार्ड हा शब्दच पोर्तुगीज, बांध या अर्थी. बांध टिकेना, मग समुद्रातून देवीच्या मूर्ती काढून देऊळ बांधल्यावर टिकला ही आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वाळलेल्या सखल भागात पुढे १८८३ ला भायखळ्याच्या शर्यती हलवल्या. म्हणजे भायखळ्याचं रेसकोर्सही गायबच झालं की, फक्त बुडालं नाही.

आजीचा_नातू

देऊळ बांधायला हवं होतं ट्रामोरवाल्यांनी, चुकलंच त्यांचं.

खारेपाटी

ट्रामवाले साहेब, जबरदस्त. म्हणजे खांड पडली १८७७ लाच, पाणी आत आलं १९११ ला.

आणि ते ब्रीच कँडी जे म्हणतात त्यातलं ब्रीच म्हणजे आमची खांडच ना? समुद्र जिथून आत यायचा ती.

ट्रामवाला

अगदी तीच. आणि कँडी हे खिंडीवरून आलं असंही म्हणतात. अख्ख्या मुंबईतला सगळ्यात महाग पत्ता म्हणजे 'खांड-खिंड'.

मीनाक्षी_७२

किती छान चाललंय. निळीताई, ट्रामोर म्हणजे तेच का जिथे तो समुद्राकडे बोट दाखवणारा लोखंडी माणूस आहे? माझी बहीण डब्लिनला असते, तिने फोटो पाठवला होता.

निळी_छत्री

हो हो तोच, मेटल मॅन. त्याची गोष्ट दुःखाची आहे. ३० जानेवारी १८१६, सी हॉर्स नावाचं जहाज नेपोलियनच्या लढाया संपवून परतणाऱ्या सैनिकांना घेऊन येत होतं, बायकापोरांसकट. वादळात ट्रामोरच्या उपसागरात सापडलं आणि पुळणीपासून थोड्याच अंतरावर फुटलं. ३६३ माणसं गेली. किनाऱ्यावरून लोक बघत होते. ट्रामोरचा उपसागर लांबून वॉटरफर्ड बंदराच्या तोंडासारखा दिसतो आणि जहाजं फसायची, म्हणून १८२३ मध्ये दोन्ही टोकांना मनोरे उभारले, एकीकडे तीन, दुसरीकडे दोन, म्हणजे खलाशाने मोजून ओळखावं. तिनातल्या मधल्यावर हा माणूस उभा, निळा कोट लाल जाकीट. 

पोरींनी त्याच्या खांबाभोवती अनवाणी एका पायावर तीन फेऱ्या मारल्या तर वर्षाच्या आत लग्न जमतं अशी इथे समजूत. आता तिकडे जाऊ देत नाहीत, खासगी जागा आहे. (आईला सांगितलं नाहीये. ती लंगडी घालायला लावेल.)

आणि गावाची खूण म्हणून सीहॉर्स, समुद्री घोडा. घोडा काय सोडत नाही हे गाव.

स्पष्टवक्ता

ठीक आहे, माझं मत थोडं ढिलं झालंय, पूर्ण नाही. पण हे तर नैसर्गिक आपत्ती (किंवा खारेपाटी म्हणतात तसं, दुर्लक्ष). बाकी रेसकोर्स तर समुद्राने नाही ना नेले? ते कसे गेले? आयर्लंडात एवढी रेसकोर्स होती आणि गेली असं वाचलंय.

धुक्यातली_गल्ली

मी गॉलवेकडे असते, वाचत होते सगळं, आता लिहिते.

भाऊ, या एवढ्याशा बेटावर आजही सव्वीस रेसकोर्स आहेत, त्यातली दोन उत्तर आयर्लंडात. गेलेल्यांची यादी मोठी आहे, मला माहीत असलेली सांगते. मुलिंगार १९६७ ला बंद. ट्यूम, हे आमच्या काउंटीतलं, १९७३. बॉल्डॉईल १९७२, ते डब्लिनजवळ, समुद्राला लागून, आता तिथे घरंच घरं. फिनिक्स पार्क १९०२ ला सुरू होऊन १९९० ला बंद, तिथे आता अपार्टमेंट आहेत आणि नावात मात्र रेसकोर्स ठेवलंय, जसं आपल्याकडे आमराई तोडून सोसायटीला आमराई नाव देतात. लिमरिकचं ग्रीनपार्क १९९९. ट्रलीचं २००८, म्हणजे अगदी कालपरवा.

शहराजवळची जी गेली ती जमिनीच्या भावाने गेली, हे कळायला अर्थशास्त्र नको. गावाकडची जी गेली ती हळूहळू गेली. वर्षातून दोन-चार दिवस शर्यत, बाकी तीनशे साठ दिवस कुंपण, गवत, स्टँडचं छप्पर, विमा. प्रत्येक वेळी नवीन नियम, घोड्यांसाठी हे करा जॉकीसाठी ते करा, जे बरोबरच आहे, पण पैसे? आणि एकदा घरोघरी गाडी आली की माणूस जवळच्या छोट्या शर्यतीला न जाता लांबच्या मोठ्या जत्रेला जातो. गॉलवेची जुलै-ऑगस्टमधली शर्यत सात दिवस चालते, त्याच्यापुढे ट्यूमचं काय चालणार. हे माझं निरीक्षण, वडाच्या झाडाखाली गवत उगवत नाही तसं.

मी ट्यूमला कामानिमित्त दर आठवड्याला जात होते एकेकाळी. तिथल्या ऑफिसात एका बाईंच्या टेबलावर जुना शर्यतीचा कार्यक्रम होता, चार घड्या घातलेला, पेन्सिलीने घोड्यांच्या नावापुढे टिकमार्क. त्यांच्या वडिलांचा. पाचपैकी चार टिकमार्क खोडलेले. त्या म्हणाल्या, पाचवा घोडा जिंकला त्या पैशातून मला शाळेचे बूट आले.

स्पष्टवक्ता

बरं. बूट आले हे चांगलं झालं. चार खोडलेल्यांचा हिशोब मी विचारत नाही.

ट्रामवाला

😄 स्पष्टवक्ते शेवटपर्यंत स्पष्ट.

पण एक मुद्दा राहून जातोय. ट्रामोरची गंमत बाकीच्यांहून वेगळी आहे. मुलिंगार, ट्यूम इथे जागा तशीच राहिली आणि शर्यत गेली. ट्रामोरला जागा गेली आणि शर्यत राहिली. निळीताई, १९११ नंतर काय झालं ते तुम्ही सांगितलंच नाही!

निळी_छत्री

अरे हो, विसरलेच. पुढच्याच वर्षी, १९१२ ला, गावाच्या वर ग्रॉन हिल म्हणून टेकडी आहे तिथे नवीन कोर्स. मी ऑगस्टमध्ये गेले होते ते हेच. म्हणजे समुद्राने सपाट जागा नेली तर यांनी थेट टेकडी गाठली. पुन्हा पाणी आलं तर काय करतोस बघू, असं. त्यामुळे आता हे कोर्स एकदम आखूड, वळणावळणाचं आणि चढउताराचं. उजवीकडे वळत जातं, घोडा धापा टाकत चढतो आणि लगेच घसरगुंडी. जिथे मोठ्या टांगांचा घोडा गडबडतो आणि छोटा चपळ घोडा बाजी मारतो असं तिथले लोक सांगतात.

आणि तरीही मोठे घोडे येतात हं. १ जानेवारीला इथे शर्यत असते, नववर्षाची. अल बूम फोटो नावाचा घोडा, विली मलिन्स यांच्या तबेल्यातला, त्याने ती २०१९ पासून २०२२ पर्यंत सलग चार वर्षं जिंकली आणि त्यातल्या पहिल्या दोन वर्षी इथून जाऊन इंग्लंडातला चेल्टनहॅमचा गोल्ड कपही घेतला. म्हणजे या आडगावच्या टेकडीवरून थेट त्या खेळाच्या पंढरीला.

बाटलीचं_बूच

आणि ज्याला अजूनही जुनी पद्धत बघायची असेल त्याने लेटाउनला जावं, डब्लिनच्या उत्तरेला, मीथ काउंटी. १८६८ पासून पुळणीवर शर्यत होते, वर्षातून एकच दिवस, सप्टेंबरमध्ये बहुतेक. रीतसर नियमाखाली होणारी पुळणीवरची शर्यत आयर्लंडात ही एकच उरलीय. तारीख पंचांग बघून, म्हणजे भरती-ओहोटीचं कोष्टक बघून ठरते. सकाळी पाणी ओसरायला लागलं की ट्रॅक आखायला सुरुवात, खांब रोवायचे, दोऱ्या बांधायच्या, शर्यती उरकायच्या, आणि पाणी परत यायच्या आत सगळं उचलायचं. संध्याकाळी तिथे गेलात तर काहीच नाही, लाटा. मी गेलो होतो, माझे बूट मात्र आठवडाभर ओले होते.

म्हणजे रोज बुडणारं रेसकोर्स. बांध नाही, भांडण नाही.

खारेपाटी

बूच भाऊ, हे पटलं. समुद्राला वेळ विचारून काम केलं की तो अडवत नाही. आमच्याकडेसुद्धा काही जुने लोक खांड पडलेली शेती सोडून देतात आणि तिथे जिताडे पाळतात. भात गेलं, मासा आला. पूर्वी याला नुकसान म्हणायचे, आता जिताड्याचा भाव बघून कोणी म्हणत नाही.

ताई, मला सांगा, त्या खाजणात आता काय आहे? नुसता चिखल म्हणालात. नुसता चिखल कधी नसतो.

निळी_छत्री

काका तुमचा प्रश्न वाचून आज परत गेले, खास ओहोटी बघून. थंडी अशी की नाक जागेवर आहे का चाचपून बघत होते. गुडघ्यापर्यंतचे बूट घातले होते तरी चार पावलांवर घोटा रुतला, पाय काढायला गेले तर बूट चिखलात आणि पाय हवेत, कुत्रा लांबून बघत बसला, मदत शून्य.

तर नुसता चिखल नाही, तुमचं खरं. आधी कडेला बुटकी जाडसर पानांची झाडी, चावून बघितली तर खारट. मग पुढे चिखलावर गांडुळांच्या विष्ठेसारख्या बारीक वेटोळ्यांच्या ढिगाऱ्या, हजारो. मग पाण्याच्या कडेला ते ब्रेंट हंस, काळं डोकं, पांढरं बूड, शेकड्यांनी. हे कॅनडाच्या उत्तरेकडून, आर्क्टिकमधून येतात हिवाळा काढायला. पाण्याखालचं एक गवत असतं लांब फितीसारखं, ते खायला. म्हणजे घोड्यांचं गवत गेलं आणि हंसांचं गवत आलं म्हणा हवं तर. आवाज केवढा करतात, आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत आजूबाजूच्या खोलीत म्हातारे काका एकदम घसा खाकरतात ना, तसा.

मग भरती चढायला लागली. पाणी येताना दिसत नाही हो, आधी चिखलातल्या खाचा चमकायला लागतात, मग दोन खाचा जोडल्या जातात, मग तुम्ही ज्या ढिगाकडे बघत होतात तो नसतोच. सगळे पक्षी सरकत सरकत त्या जुन्या बांधाच्या उरलेल्या तुकड्यावर जाऊन बसले. दाटीवाटीने, एका रांगेत, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. स्टँडमध्ये बसल्यासारखे.

गाडीत येऊन आजोबांना फोन केला, सांगितलं सगळं. ते म्हणाले, कोण जिंकलं?

आजीचा_नातू

फोटो!!!!

निळी_छत्री

हात बाहेर काढला असता तर काढला असता रे. पुढच्या रविवारी नक्की.

खारेपाटी

ताई त्या वेटोळ्या किड्यांच्या असतात, गळाला लावायला चांगले. आणि शिंपल्या? तिसऱ्या? ते नाही सांगितलंत.

निळी_छत्री

काका, आजोबा म्हणाले की पूर्वी ट्रामोरच्या बायका बॅक स्ट्रँडवरून टोपल्या भरभरून कॉकल काढायच्या आणि विकायच्या, आपल्या तिसऱ्यांच्या चुलतबहिणीच त्या. आता काढायला परवानगी असते की नाही ते गावात विचारते. मिळाल्या तर सुकं करायचं की रस्सा?

खारेपाटी

सुकं. कांदा जास्त, खोबरं ताजं, आणि चिखल जाईपर्यंत दोन तास मिठाच्या पाण्यात ठेवा.